मदत हवी आहे: इंटेल, रीजेनेरॉन, सोसायटी फॉर सायन्स – स्पर्धा एकच ना? आणि आमच्यासारख्या शाळेने शिरायचं कुठून?

रानजाई:
नमस्कार मंडळी. पालघर जिल्ह्यात एका अनुदानित शाळेत विज्ञान शिकवते. नववीतल्या दोन मुलींचा प्रकल्प तालुका विज्ञान प्रदर्शनावर संपवायला मन होत नाही, म्हणून हा धागा.

पहिल्या पावसात आमच्या नळाला चहासारखं पाणी येतं. शेवग्याच्या बियांची पूड घालून ते निवळवायचं, हे नवं नाही हे मलाही ठाऊक आहे. पण पोरींनी काम नेटाने केलंय. गढूळपणा मोजायचं यंत्र आमच्याकडे कुठलं? त्यांनी उंच काचेच्या नळीच्या तळाशी काळी फुली काढली आणि वरून बघताना किती सेंटिमीटर पाण्याखाली ती दिसेनाशी होते ते वहीत मांडलं. तुरटीशी तुलनाही केली. शेवग्याच्या पाण्याला दुसऱ्या दिवशी वास येतो, तुरटीच्या येत नाही, अशी एक नोंद आहे. जंतूंसाठी ग्रामपंचायतीकडून एच टू एस कुप्या आणल्या आणि पाणी काळं पडतं का (पडलं तर जंतू आहेत) ते एकीच्या घरी फळीवर ठेवून पाहिलं. शिवाय वाडीत घरोघरी फिरून पाणी कसं साठवता, कुणाला जुलाब झाले का, हेही विचारून आल्या.

आता घोळ असा. शाळेच्या फायलीत जुनं पत्रक आहे 'इंटेल आयसेफ'चं (आयसेफ म्हणजे शाळकरी मुलांची आंतरराष्ट्रीय विज्ञान-अभियांत्रिकी स्पर्धा). संकेतस्थळावर 'रीजेनेरॉन आयसेफ'. भरवणारी संस्था एकीकडे 'सोसायटी फॉर सायन्स अँड द पब्लिक', दुसरीकडे नुसती 'सोसायटी फॉर सायन्स'. त्यात एका मार्गदर्शन केंद्राचा व्हॉट्सॲपवर निरोप आलाय: यंदाच्या इंटेल आयसेफला थेट प्रवेश, शुल्क आधी भरा. मुख्याध्यापक सर म्हणतात, ज्यांना स्वतःचं नाव ठरवता येत नाही त्यांच्या नादी लागू नका मॅडम. केंद्र सरकारच्या इन्स्पायर मानक योजनेला पाठवा, निवड झाली तर दहा हजार रुपये मुलीच्या खात्यात तरी येतात. कुणी या वाटेने गेलंय का?

जर्सीकर:
संस्था खरी आहे आणि जुनी आहे. १९२१ साली वृत्तपत्रांचे मालक ई. डब्ल्यू. स्क्रिप्स आणि प्राणिशास्त्रज्ञ विल्यम रिटर यांनी काढली, तेव्हा नाव 'सायन्स सर्व्हिस'. २००८ मध्ये 'सोसायटी फॉर सायन्स अँड द पब्लिक' झालं आणि २०२१ पासून नुसतं 'सोसायटी फॉर सायन्स'. इंटेल आणि रीजेनेरॉन या फक्त प्रायोजक कंपन्या, स्पर्धा एकच. आयसेफचं इंटेलचं प्रायोजकत्व २०१९ ला संपलं. म्हणजे आज जो कोणी 'इंटेल आयसेफ' म्हणून पैसे मागतो, त्याला सरळ ब्लॉक करा.

एक सांगून ठेवतो. याच संस्थेची 'सायन्स टॅलेंट सर्च' नावाची दुसरी स्पर्धा आहे, पहिलं बक्षीस अडीच लाख डॉलरचं. तिचे आकडे बघून नातेवाईक मला भारतातून फोन करतात. ती अमेरिकेतल्या बारावीच्या मुलांसाठी आहे, तिकडे वेळ घालवू नका. शाळेला आजच्या आज फुकट मिळेल असं म्हणाल तर 'सायन्स न्यूज एक्सप्लोअर्स'. मुलांसाठीच्या विज्ञानबातम्या असतात, इंग्रजी बेताचं. त्याचंही नाव २०२२ मध्ये बदललं, आधी 'सायन्स न्यूज फॉर स्टुडंट्स' होतं. सरांना हे सांगू नका!

प्रयोगवही:
मॅडम, थेट अर्ज कुणालाच करता येत नाही, अमेरिकेतल्या मुलांनाही नाही. आयसेफशी संलग्न विज्ञान मेळ्यातून निवड व्हावी लागते. आपल्याकडून 'आयरिस' या शालेय संशोधन उपक्रमाच्या राष्ट्रीय मेळ्यातून मुलं जात आली आहेत, त्यांचा यंदाचा अर्ज बघा. आयसेफला नववी ते बारावी चालते आणि गटात जास्तीत जास्त तिघे, तेव्हा तिथे तुम्ही बसता. इन्स्पायरही पाठवा, त्याचा याला अडथळा नाही.

खरी अडचण नावाची नाही, कागदांची आहे, आणि ती जिल्हा प्रदर्शनाच्या सवयीने लक्षात येत नाही. तिथे प्रयोग आधी, फाइल नंतर. इथे उलटं. माणसांना प्रश्न विचारायचे असतील तर आधी शाळेत तिघांची समिती लागते: एक शिक्षक, एक शाळेचा प्रशासक आणि आरोग्य क्षेत्रातली एक जाणकार व्यक्ती. तुम्ही मार्गदर्शक, म्हणून तुम्ही त्यात नाही. समितीच्या सहीआधी झालेली वाडीतली पाहणी या प्रकल्पात धरू नका. जुलाबाचा प्रश्न तर नाजूकच. आणि ते पाणी कुणाला चाखायला दिलं असेल तर तेही बंद.

कुप्यांचं म्हणाल तर घरी जंतू वाढवणं आयसेफच्या नियमांत बसत नाही. जीवाणू तपासणीच्या रंग बदलणाऱ्या तयार किटना सवलत आहे: आधी परवानगी नको, पण जोखमीचा तक्ता, म्हणजे फॉर्म ३, भरायचा आणि किट बंदच ठेवायचं. एच टू एस कुपी त्यात धरतात का, हे मेळ्याच्या समितीकडून लेखी मागवा. तोवर फळीवरच्या कुप्या शाळेत आणा, उघडू मात्र नका.

आणि मॅडम, तुम्ही जाता जाता लिहिलेली वासाची नोंद, प्रकल्प तिथेच आहे. शेवग्याने पाणी निवळतं हे जगाला माहीत आहे, परीक्षक दोन मिनिटांत पुढे जातील. पण बियांमधले सेंद्रिय घटक पाण्यात उरतात, म्हणून ते टिकत नाही. किती पुडीला किती तासांनी वास येतो, वरचं पाणी लगेच गाळून घेतलं तर फरक पडतो का, हे मोजा. यात ना घरोघरी पाहणी, ना जुलाब. फुलीची नळी तशीच ठेवा, परीक्षकांना असली हातची साधनं आवडतात.

रानजाई:
दोघांचेही मनापासून आभार. मार्गदर्शन केंद्राला ब्लॉक केलं. सरांना १९२१ सांगितलं तर म्हणाले, "मग आपल्या शाळेपेक्षा जुनी आहे की!" आणि फायलीला नवीन पान लावलं. पाहणी यंदा वगळतोय. मुलींना वाईट वाटलं, वाडीतल्या आजीबाईंनी इतकं बोलून घेतलं होतं. पुढच्या वर्षी रीतसर करायची झाली तर समितीत आमच्या प्राथमिक आरोग्य केंद्राच्या डॉक्टर मॅडम चालतील का? त्या तयार आहेत.

प्रयोगवही:
चालतील. नोंदणीकृत परिचारिकाही चालते. फक्त सहीची तारीख पहिल्या घरी जायच्या आधीची हवी.