शिकवायचं आपण, न्यायचं चाकणने: नव्या पोरांकडून बाँड घ्यावा का?

शिरोलीकर
कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीत माझं छोटं मशीन शॉप आहे. चार व्हीएमसी, दोन सीएनसी लेथ, सगळी कॉम्प्युटरवर चालणारी मशीन, आणि बावीस माणसं. फाउंड्रीतून कास्टिंग येतं, आम्ही मशिनिंग करून देतो. दिवाळीची सुट्टी संपवून सोमवारी शॉप उघडलं तर सेटर, म्हणजे मशीनला टूल आणि मापं लावून देणारा गडी, गायब, फोन बंद. दुपारी कळलं, पुण्याजवळ चाकणला कंपनीत लागला. आयटीआय करून माझ्याकडे आला तेव्हा त्याला व्हर्नियर धड वाचता येत नव्हता. चार वर्षं शिकवला, आणि गडी बोनस घेऊन पसार. त्याच्या जागी ज्याला उभा केला त्याने दुसऱ्याच दिवशी ऑफसेट, म्हणजे मशीनला द्यायचं टूलचं माप, चुकवून टूल थेट जॉबमध्ये, म्हणजे मशीनवर लावलेल्या कास्टिंगमध्ये, घुसवला. स्पिंडलची बेअरिंग गेली, मशीन नऊ दिवस बंद.

आता ठरवलंय. दोन वर्षांचा बाँड, मधेच सोडलं तर पन्नास हजार, आणि मूळ मार्कशीट ऑफिसच्या कपाटात. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने विजया बँकेची अट मान्य केलीच आहे: तीन वर्षांच्या आत नोकरी सोडली तर दोन लाख. बँकेला चालतं तर मला का नाही?

काळाकोट
निकाल अर्धाच वाचलात. ती सरकारी बँक. एक अधिकारी मधेच गेला की जाहिरातीपासून सगळी भरती पुन्हा करावी लागते, तो खर्च न्यायालयाने धरला. शिवाय तो अधिकारीपदाचा पगार होता. करार कायद्याच्या कलम ७४ प्रमाणे भरपाई वाजवीच मिळते, कागदावर लिहिला तो आकडा आपोआप पदरात पडत नाही. तुमच्या पोराच्या शिकवणीवर पन्नास हजार खर्च झाले हे कशावरून दाखवणार? तो तर पहिल्या महिन्यापासून जॉब काढून देत होता. आणि मार्कशीट त्याची आहे, तिला हात लावू नका.

तेरा_चौदाचा_पाना
मालक, मी त्या सेटरच्या बाजूचा. मीही कोल्हापूर सोडून चाकणला आलो, नऊ वर्षं झाली. 'बोनस घेऊन पसार' म्हणताय, पण बोनस म्हणजे मागच्या वर्षी केलेल्या कामाचे पैसे. कायद्याने किमान ८.३३ टक्के, साधारण एका महिन्याचा पगार. ते काय बक्षीस नव्हे.

आणि चार पैसे जास्त मिळतात म्हणून जातो हेही खरं नाही. मला चार हजार वाढले, त्यातले साडेतीन खोलीभाड्यात आणि मेसमध्ये गेले. मी गेलो कारण सेटिंग मी करायचो, ऑफसेटची वही माझ्या अक्षरात, आणि रिपोर्टवर सही मालकाच्या डिप्लोमा झालेल्या भाच्याची. जॉब रिजेक्ट झाला की मात्र सही कुणाची हे कुणी बघत नसे. ओटी, म्हणजे जादा तासांचे पैसे, सिंगल रेटने, कायदा डबल सांगतो तरी. तुमच्याकडे काय चालतं ते तुम्हीच सांगा.

शिरोलीकर
भाचा नाही, पुतण्या. बाकीचं सोडा. ओटी डबल दिली तर शटर ओढावं लागेल.

गोकुळशिरगाव_२
शिरोलीकरांच्या बाजूने कुणीतरी बोलायला हवं. पाना भाऊ, तुमच्या मोठ्या कंपन्या आमच्याकडून दरवर्षी रेट कमी करून घेतात आणि बिल नव्वद दिवसांनी देतात. पंचेचाळीस दिवसांचा कायदा आहे, पण त्यावर बोट ठेवलं की पुढची ऑर्डर शेजाऱ्याला. बाँडचं काही खरं नाही हे मान्य. मी एका जागेला दोन पोरं शिकवतो, एक जाणार हे धरूनच. दुःख करत बसत नाही.

कुंडलवाला
लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० मध्ये ओसाड माळावर वाडी वसवली, कामगारांना घरं दिली. माणसं पिढ्यान्‌पिढ्या राहिली.

गोकुळशिरगाव_२
किर्लोस्करवाडी आली! औंध संस्थानाने जमीन दिली होती हो. माझा प्लॉट दहा गुंठ्यांचा, तोही बँकेकडे गहाण.

हिशेबाची_वही
मी अशाच एका युनिटात अकाउंट्स बघते. शिरोलीकर दादा, एकच विचारते. बावीसपैकी हजेरीपत्रकावर किती?

शिरोलीकर
अठरा. का ते तुम्हाला ठाऊक आहे.

हिशेबाची_वही
ठाऊक आहे. वीस झाले की पीएफ लागू होतो. म्हणजे त्या सेटरला चार वर्षांत ना पीएफ, ना धड पगाराची स्लिप. आता त्याच्या घरी काय चाललं असेल ते सांगते, कारण आमच्याकडे दर महिन्याला एक पोरगा हेच सांगत येतो. मुलगी बघायला गेलं की चहा यायच्या आधी पहिला प्रश्न, 'पुण्यात कंपनीत आहे का?' दुसरा, 'पीएफ कापतात का?' तुमच्या शॉपमध्ये त्याच्या हाताखाली लाखाचा जॉब असतो, पण मुलीच्या मामाला दाखवायला त्याच्याकडे कागदच नाही. आम्ही दोन वर्षांपूर्वी सगळ्यांना कागदावर घेतलं. मालक आठ दिवस बोलले नाहीत माझ्याशी. तेव्हापासून सेटर एकही गेला नाही, हेल्पर मात्र जातातच.

शिरोलीकर
म्हणजे आता पोरांची लग्नंही मीच लावायची? आणि सगळे कागदावर आले की पगारावर बारा टक्के माझे. रेट वाढवून कोण देणार, तुमचा मालक?

तेरा_चौदाचा_पाना
नऊ दिवस बंद मशीनचे आणि बेअरिंगचे किती झाले, तो आकडा बारा टक्क्यांशेजारी लिहून बघा.

काळाकोट
आणि पीएफ चुकवलेलं उघडं पडलं की व्याज आणि दंड वेगळा. तुमचे मागचे कागद तपासायला मी येऊ शकतो, फी घेईन.

शिरोलीकर
तुमची फी ठेवा. बेअरिंग आणि फिटरचे एक लाख चाळीस हजार झाले, ते लिहिलंय. बंद दिवसांचे अजून धरले नाहीत.

आणि एक. सकाळपासून सेटरचे वडील आलेत. नव्या कंपनीने अनुभवाचा दाखला मागितलाय म्हणे. पोरगा स्वतः आला नाही, म्हातारा हुपरीहून एसटीने आला. बाहेरच्या बाकावर बसलाय. चहा सांगितलाय.

हिशेबाची_वही
दाखल्यावर 'सेटर' असंच लिहा. 'हेल्पर' नको.

शिरोलीकर
पुतण्या 'ऑपरेटर' टाइप करत होता. बदलायला सांगितलंय.