संगणक सुरू होताना आणि बंद होतानाच्या नोंदी कशा टिकवाव्यात?

प्रश्न
माझ्या लिनक्स सर्व्हरवर सिस्टमडी (सेवा सुरू आणि बंद करणारी व्यवस्था) आहे. बंद करताना तो दीड मिनिट अडकून राहतो, आणि पुन्हा सुरू केल्यावर जर्नलसीटीएल या नोंदी दाखवणाऱ्या कमांडकडे मागच्या बूटच्या, म्हणजे मागच्या वेळी संगणक सुरू झाल्यापासूनच्या, नोंदी मागितल्या तर त्या मिळतच नाहीत. लॉगिंगची सेवा सर्वांत आधी सुरू व्हावी आणि सर्वांत शेवटी थांबावी, यासाठी तिच्या युनिट फाइलमधला (सेवेच्या सेटिंगच्या फाइलमधला) क्रम बदलावा का?

उत्तर १
क्रमाला कृपया हात लावू नका. जर्नलडी, म्हणजे सिस्टमडीची ही लॉगिंगची सेवा, मुळातच फार लवकर सुरू होते आणि तिच्याही आधीचे कर्नलचे (लिनक्सच्या गाभ्याचे) संदेश रिंग बफर या मेमरीतल्या जागेत थांबलेले असतात, ते ती सुरू होताच वाचून घेते. अडचण जागेची आहे. '/व्हार' ही डिस्कवरची डिरेक्टरी माउंट होईपर्यंत (जोडली जाईपर्यंत) नोंदी '/रन'मध्ये, म्हणजे मेमरीत, लिहिल्या जातात आणि नंतर डिस्कवर हलवल्या जातात. पण 'स्टोरेज' हे सेटिंग 'ऑटो' असेल आणि '/व्हार/लॉग/जर्नल' ही डिरेक्टरीच नसेल, तर त्या मेमरीतच राहतात आणि मशीन बंद होताच जातात. 'स्टोरेज' 'पर्सिस्टंट' करा, जर्नलडी रिस्टार्ट करा आणि जर्नलसीटीएलला 'फ्लश'चा पर्याय देऊन एकदा चालवा.

उत्तर २
वरील उपाय योग्यच आहे, मात्र बंद होतानाचा अगदी शेवटचा टप्पा त्यात येत नाही. '/व्हार' वेगळ्या पार्टिशनवर असल्यास ते अनमाउंट होण्याआधी जर्नलडी तिथून हात काढून घेते आणि पुढचे सगळे पुन्हा मेमरीत जाते. तो भाग हवा असेल, तर बूटच्या वेळी कर्नलला पॅरामीटर देऊन सिस्टमडीची लॉग पातळी 'डीबग' आणि लॉगचे लक्ष्य 'केमेसेज' (कर्नलचा रिंग बफर) ठेवा, तो बफर १ एमबी करा आणि 'सिस्टम-शटडाउन' डिरेक्टरीत एक एक्झिक्युटेबल स्क्रिप्ट ठेवा, जी रूट फाइलसिस्टम लिहिण्यायोग्य करून डीमेसेज या, तो बफर दाखवणाऱ्या कमांडचे आउटपुट फाइलमध्ये उतरवेल आणि मग ती पुन्हा केवळ वाचण्यायोग्य करेल. सेवा थांबण्याची मुदत सहसा ९० सेकंदांची असते, त्यामुळे तुमचे दीड मिनिट हे न थांबणाऱ्या एखाद्या सेवेचेच असावे असे मला वाटते. तिचे नाव कन्सोलवरही दिसते.

प्रश्नकर्ता
ती डिरेक्टरी खरोखरच नव्हती. आता मागच्या बूटच्या नोंदी दिसतात, आपले आभार. पण कर्नलच कोसळला तर?

उत्तर १
तेव्हा जर्नलवर विसंबू नये. साध्या नोंदी डिस्कवर पक्क्या व्हायला मूळ सेटिंगनुसार ५ मिनिटांपर्यंत वेळ लागू शकतो. 'क्रिटिकल' आणि त्यावरच्या पातळीच्या तेवढ्या लगेच पक्क्या होतात. हार्डवेअरची साथ असेल तर पीस्टोअर वापरा, ते पॅनिकच्या, म्हणजे कर्नल कोसळण्याच्या, वेळचे कर्नलचे संदेश फर्मवेअरच्या स्मृतीत ठेवते आणि पुढच्या बूटला सिस्टमडी ते उचलून '/व्हार/लिब/सिस्टमडी/पीस्टोअर'मध्ये ठेवते.