दहा गुंठ्यांतला स्वर्ग? जुलैत या, मग बोलू

पडवीतला:
‘पुण्याचा फ्लॅट सोडला, दापोलीजवळ दहा गुंठ्यांत दोनशे फुटांचं घर बांधलं, वीजबिल शून्य, महिना पाच हजारांत भागतं. तुम्ही कशाची वाट बघताय?’ ही पोस्ट मला आज तिसऱ्यांदा आली. फोटो सगळे डिसेंबरचे. सारवलेलं अंगण, कठड्यावर चहाचा कप.

आम्ही २०१९ साली हेच केलं. चिऱ्याच्या भिंती, कौलं, एक किलोवॉट सोलर, दीडशे एएचच्या (अँपिअर-तास) दोन बॅटऱ्या. डिसेंबरात दिवसाला चार युनिटं मिळत. जुलैत नऊ दिवस ऊनच नाही. दहाव्या दिवशी बायकोने मिक्सर लावला, इन्व्हर्टर किंचाळला आणि बंद. चटणी अर्धी कच्ची भांड्यात. पाटा-वरवंटा नव्हता, कारण ‘कमीत कमी सामान’! दोनशे फुटांत चार महिने ओले टॉवेल नि चपलांवर बुरशी. जुन्या घरांना पडवी नि चुलीवरचा माळा काय हौसेने ठेवत होते?

दिवाबत्ती:
हिशेब चुकला तुमचा, सोलर नाही. त्या दोन बॅटऱ्या म्हणजे कागदावर ३.६ युनिटं. लेड-ॲसिड बॅटरी निम्म्याखाली उतरवायची नसते, हातात उरली १.८. लिथियम घ्या, पॅनेल तिप्पट करा.

पडवीतला:
छप्पर दोनशे फुटांचं. बाकीची पॅनेलं माडावर बांधू?

सातबारा:
विजेचं राहू द्या, जमीन कुणाच्या नावावर आहे ते त्या पोस्टवाल्याला विचारा. कुळकायद्याचं कलम ६३ आहे, शेतकरी नसाल तर परवानगीशिवाय शेतजमीन घेताच येत नाही. माझ्या मेव्हण्याने मित्राच्या सातबाऱ्यावर घर बांधलं. मित्र वारला. आता त्याची मुलं म्हणतात, काका, राहा की दिवाळीपर्यंत.

आंबेवाली:
कौलं म्हणालात म्हणून विचारते, वानरं येत नाहीत का तुमच्याकडे? आमच्याकडे मागच्या वर्षी एका सकाळी चाळीसेक कौलं फुटली. वर उड्या, खाली आमच्या अंथरुणावर खापऱ्या. शेवटी पत्रे घातले.

चुलवण:
पत्रे? मे महिन्यात भट्टी आणि पावसात ढोल. झोप लागते का?

आंबेवाली:
फुटक्या कौलाखाली तरी कुठे लागते? भाजी लावू, अंडी खाऊ म्हणणाऱ्यांनी आधी एक दुधी वानराच्या हातून वाचवून दाखवावा. हिमाचलात माकडांची नसबंदी केली सरकारने. आम्ही फटाकेच लावत बसलोय.

घाटपांडा:
जंगलं तोडून बागा तुम्ही लावल्या. वानरांनी जायचं कुठे?

आंबेवाली:
बाग माझ्या आजेसासऱ्यांची आहे. तुम्ही कुठल्या टॉवरमधून बोलताय? पत्ता द्या, दोन वानरं पाठवते.

चुलवण:
मूळ मुद्दा. पडवीतलेसाहेब, मिक्सर बायकोने लावला, ओले टॉवेलही तिनेच वाळवले असणार. विहिरीचं पाणी कोण शेंदत होतं?

पडवीतला:
पंप होता. एक एचपीचा.

चुलवण:
आणि ते नऊ दिवस?

पडवीतला:
...ती. पण माझी पाठ गेली होती तेव्हा. आता इथे माझ्या संसाराचं पंचनामापत्रक भरायचं का?

चुलवण:
माझ्या आईने वीस वर्षं शेंदलं, तेव्हा त्याला जीवनशैली म्हणत नव्हते. गावात विजेचा खांब आला त्या दिवशी तिने खांबाला हळद-कुंकू लावलं. म्हणून विचारलं.

सातबारा:
तरी एक सांगतो, नाइलाजाने. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ आलं, आमच्या वाडीत तीन आठवडे वीज नव्हती. खांबच आडवे. शेजारच्या सोलरवाल्या गृहस्थांना आम्ही वेडा म्हणायचो. त्यांच्या ओट्यावर रोज संध्याकाळी मोबाइल घेऊन रांगेत उभा राहिलो.

दिवाबत्ती:
बघा! त्यांची पॅनेलं टिकली ना?

सातबारा:
दोन टिकली. तिसरं आमच्या फणसात सापडलं.

आंबेवाली:
वानरांनी नेलं असेल.

पडवीतला:
बरं, माझा हिशेब कच्चा होता, मान्य. लिथियमचा खरा भाव कुणाला माहीत असेल तर व्यनि (वैयक्तिक निरोप) करा. पोस्टवाल्याला मात्र मी जुलैतच भेटायला जाणार आहे. न कळवता.