सही केली, पैसे घेतले, आता कसलं रडगाणं?

टिपकागद: ब्रॅम्प्टनकरांनी काल लिहिलं, "कॅनडातल्या आपल्या मंडळाच्या गणपतीत आरतीआधी 'ही भूमी मिसिसॉगांची', म्हणजे इथल्या मूळ रहिवाशांची, हे निवेदन कशाला? करार झाला, त्यांनी सही केली, पैसे घेतले, विषय संपला." गप्प बसणार होतो, पण ते 'सही केली' डोक्यात गेलं.

कुठली सही? टोरोंटोच्या जमीनखरेदीचा 1787 चा कागद नंतर काढून बघितला तर कोरा! जमिनीचं वर्णन नाही, काही नाही. मुखियांच्या खुणा वेगळ्या चिटोऱ्यांवर काढून वर चिकटवलेल्या. सरकारच्याच पोटात गोळा आला, म्हणून 1805 मध्ये पुन्हा करार. अडीच लाख एकरांचे 10 शिलिंग. मिसिसॉगा म्हणतात, आम्ही विकलंच नव्हतं. तुम्ही राहा, आम्हीही राहू, भेटी देऊन नातं चालू ठेवा, एवढंच. 2010 मध्ये कॅनडा सरकारने 14.5 कोटी डॉलर मोजले ते काय दानधर्म म्हणून?

ब्रॅम्प्टनकर: म्हणजे पैसे दुसऱ्यांदा मिळाले. आता तरी संपला ना विषय? टोरोंटोचा कागद गंडलेला, एकवेळ मान्य. पण ह्युरॉन आणि सुपीरियर सरोवरांकाठच्या मूळ रहिवाशांशी झालेला 1850 चा रॉबिन्सन करार घ्या. वार्षिक रक्कम वाढेल, पण माणशी एक पौंडाच्या वर नाही, असं स्वच्छ लिहिलंय. पौंड म्हणजे 4 डॉलर, ते 1875 पासून मिळतायत. लिहिलेलं पाळलं तरी शिव्या.

टिपकागद: पुढचं अर्धं वाक्य सोयीस्कर गाळलंत. 'किंवा महाराणी कृपावंत होऊन ठरवतील ती जादा रक्कम' हेही तिथेच आहे. त्याच जमिनीतल्या सडबरीच्या निकेलवर कंपन्या गब्बर झाल्या, आणि यांना जवळजवळ दीडशे वर्षं तेच 4 डॉलर. 2024 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सरकारला यावरून चांगलंच झापलं. ह्युरॉनकडच्यांशी तर आदल्याच वर्षी 10 अब्ज डॉलरची तडजोड करावी लागली.

सातबारा: मजा आहे. आमच्या आजोबांची बागायत कुळकायद्यात गेली. आमच्यासाठी कोण निवेदन वाचतं?

कोयनाकाठ: आजोबांनी त्या शेतात कधी नांगर धरला होता का? मिसिसॉगांच्या रांगेत उगाच घुसू नका. आमचं गाव धरणात गेलं. साहेब देवळासमोर खुर्ची टाकून बसले. जमिनीला जमीन, घरटी एक नोकरी, सगळं तोंडी. आज्याने अंगठा उठवला तो कागद निव्वळ मोबदल्याचा निघाला. सोलापूरकडे जमीन दाखवली, तर तिथे दुसऱ्याची ज्वारी उभी! चुलता अजून फाइल घेऊन हेलपाटे घालतोय.

सातबारा: नांगरावरून जातीवर यायचं असेल तर सरळ या. आजोबा कारकून होते, शेत विश्वासावर कसायला दिलं होतं. तोंडीच. 1 एप्रिल 1957 ला कूळ मालक झालं. 'इतर हक्कां'त नाव चढलं तेव्हा आम्हाला कुणी विचारलं?

कोयनाकाठ: वा! तुमचा तोंडी शब्द पवित्र, इथल्यांचा मात्र भाकडकथा? आणि किंमत ठरली होती ना हप्त्यांनी? मग पैसे घेतले, विषय संपला.

सातबारा: ती किंमत? शेतसाऱ्याच्या पटीत! त्यातले हप्तेही बुडवले.

कोयनाकाठ: 10 शिलिंगांपेक्षा बरी.

ब्रॅम्प्टनकर: अहो, कुळकायद्याचा वेगळा धागा काढा! माझा साधा प्रश्न आहे. एवढा अन्याय होता तर कोर्टात जायला कुणी अडवलं होतं?

टिपकागद: सरकारने. 1927 पासून 1951 पर्यंत असल्या दाव्यासाठी परवानगीशिवाय पैसे गोळा करणं हाच गुन्हा होता. वकील करणार कशाच्या जोरावर?

ब्रॅम्प्टनकर: बरं बाबा, जिंकलात, हार घाला. पण मॉर्गेज मी भरतो. रिचमंडमधल्या जमिनीवर मूळ रहिवाशांचा हक्क मान्य करणारा निकाल वाचलात ना? उद्या आमच्या दारात आले म्हणजे?

टिपकागद: रिचमंड ब्रिटिश कोलंबिया प्रांतात. तिथे त्या जमिनीचा करारच झालेला नाही. आणि तो दावा लावणाऱ्या कौइचन लोकांनी खाजगी घरांचे कागद रद्द करा असं मागितलंही नव्हतं. बातमीच्या मथळ्याखालीही मजकूर असतो.

ब्रॅम्प्टनकर: तुमचं घर रिचमंडला असतं तर हा टोमणा सुचला नसता.

मोदकपात्र: ते निवेदन जेमतेम मिनिटभराचं. त्यानंतर रिअल इस्टेटवाल्या प्रायोजकाने 'अजून प्लॉट शिल्लक आहेत' म्हणून जे भाषण ठोकलं, त्यावर कुणाचाच आक्षेप नाही?

सातबारा: कोयनाकाठ, व्यनि (व्यक्तिगत निरोप) केलाय. जातीचं काय ते तिथे बोला.