दुसरी चावी कुणाकडे?

२०२५ च्या जूनमध्ये आम्ही डोंबिवली सोडून पर्वरीला भाड्याच्या घरात आलो. गोव्यात जूनमध्ये बिऱ्हाड हलवायचं नसतं, हे कुणी सांगितलं नव्हतं. खोके उघडायच्या आधी खोक्यांवर बुरशी आली. नवऱ्याचे ऑफिसचे बूट, पापडांचा डबा, लग्नाच्या अल्बमचा पुठ्ठा, सगळ्यावर हिरवट-पांढरी लव. नवरा वेर्ण्याच्या औद्योगिक वसाहतीत जातो, म्हणजे रोज मांडवीही ओलांडायची आणि झुआरीही. त्यात पर्वरीत महामार्गावर तेव्हा उड्डाणमार्गाचं काम चालू. मी पुण्याच्या ऑफिसचं काम घरून करते. मुलगी दुसरीत.

जुलैतली एक दुपार. कचरा टाकायला खाली गेले आणि मागे वाऱ्याने दार लागलं. आत लॅपटॉप, गॅसवर कुकर, आणि चार मिनिटांत मीटिंग. नवऱ्याची चावी वेर्ण्याला. डोंबिवलीत समोरच्या काकूंकडून दुसरी चावी आणली असती, विषय संपला असता. इथे आमच्या मजल्यावर चार दारं, आणि एकाही दारामागच्या माणसाचं नाव मला माहीत नाही. कुलूपवाला येईपर्यंत पाऊण तास मी जिन्यात उभी. कुकर आधी शिट्ट्या मारत होता, मग गप्प झाला, ते जास्त भीतीदायक. (डाळीचा कोळसा आणि व्हॉल्व्ह उडालेला. एवढ्यावर भागलं.)

गॅस आला, पोलिसांत भाडेकरूचा फॉर्म भरून झाला, पडदे लागले, म्हणून मी घर लागलं असं धरून चालले होते. तर विचारायचं हे की तुमची दुसरी चावी कुणाकडे आहे? नोकरी, मुलं, म्हातारी माणसं आणि नवं घर एकदमच अंगावर आलं तेव्हा काय केलंत? गोव्यातल्यांनी या धाग्याखाली लिहा, गोव्यात आलेल्यांनीही लिहा. सल्ले नकोत, झालेलं सांगा.

तीन पाळ्या

मी नर्स. डिचोलीत सासऱ्यांच्या जागेत चार वर्षांपूर्वी चिऱ्याचं घर बांधलं. गिलाव्यापर्यंत येता येता पैसे संपले, दोन खोल्या अजून तशाच आहेत. येणारे पाहुणे उघड्या चिऱ्यावर हात फिरवून "काय सुंदर ठेवलंय" म्हणतात. आम्ही काही बोलत नाही.

आमचा सगळा घोळ पाऊण तासाचा. रात्रपाळी संपवून मी साडेआठला पोचते. नवरा पावणेआठच्या बसने निघतो, ती चुकली की त्याचा अर्धा दिवस भरतो. मधल्या वेळात घरात दोन मुलं, एक नऊचं, एक चारचं. बाई ठेवायची तर पाऊण तासासाठी कोण येणार? पहिलं वर्ष काय काय केलं ते सांगत नाही, लाज वाटते. एवढंच सांगते की एकदा धाकट्याने आतून कडी लावली आणि थोरला खिडकीतून त्याला गोष्ट सांगत बसला होता, कडी काढ म्हणून.

आता समोरची म्हातारी येऊन आमच्या सोप्यावर बसते. तिचा सकाळचा चहा आमच्याकडे, उंडो (इथला गोल पाव) ती घेऊन येते. ती मुलांचं काही करत नाही, नुसती बसते आणि मोठ्याने खोकते. तेवढं पुरतं. चावी तिच्याकडे द्यायला गेले तर तिने हात दाखवले, थरथरतात. कुलूप उघडायचं तिला जमत नाही. म्हणून आम्ही दिवसा कुलूप लावणंच सोडलं.

भोंगा

आमच्याकडे सगळ्या वेळा पोदेराच्या, म्हणजे दारोदार येणाऱ्या पाववाल्याच्या, भोंग्यावर. सकाळचा वाजला की पोरगं उठवायचं, संध्याकाळचा वाजला की लॅपटॉप मिटायचा. माझा मॅनेजर बंगळूरला असतो. कॉलवर त्याला तो पोंक-पोंक ऐकू येतो आणि तो दर वेळी विचारतो, तू ट्रॅफिकमध्ये आहेस का? मी हो म्हणतो.

मडगावचा सांगलीकर

एवढं अवघड करायची गरज नाही. आम्ही दोघंही नोकरीवाले, जुळी मुलं. फ्लॅटचा ताबा मिळाला त्याच महिन्यात सांगलीहून आईला घेऊन आलो. चावी आईकडे, मुलं आईकडे. प्रश्न मिटला.

बारा सह्या

आमचं जरा लांबेल.

आम्ही मूळचे साताऱ्याकडचे, २०१८ पासून फोंड्यात भाड्याने. दर अकरा महिन्यांनी करार संपणार, घरमालक "पुतण्या येतोय" म्हणणार, आम्ही टेम्पो बोलावणार. तिसऱ्या टेम्पोनंतर बायको म्हणाली, आता विकत. २०२२ मध्ये एक जुनं कौलारू घर पाहिलं. मागे विहीर, चार माड, पुढे ऐसपैस बल्काव, म्हणजे बसायचा ओटा. भाव परवडणारा होता, तिथेच शंका यायला हवी होती.

मी आपला सात-बारा मागतोय. इथे सात-बारा नसतो, एक-चौदाचा उतारा असतो. तो काढला तर मालकाच्या जागी कधीच वारलेले आजोबा. त्यांना पाच मुलं. वकील म्हणाले, पाच नाही, नवरा-बायको धरून मोजा. गोव्यात पोर्तुगीज काळापासूनचा नागरी कायदा चालतो, लग्नाआधी वेगळा करार केला नसेल तर दोघांची मालमत्ता सामाईक. म्हणजे वारसाच्या सहीबरोबर सुनेची, जावयाची सहीही हवी. चार मुलं हयात, त्यांचे जोडीदार चार, झाले आठ. पाचवा मुलगा गेलेला, त्याची बायको, त्याचा मुलगा, मुलगी आणि मुलीचा नवरा. बारा.

एक जावई बेळगावात, एक मुलगा इंग्लंडमध्ये, आणि दोन बहिणी सख्ख्या असून एकमेकींशी बोलत नव्हत्या. त्या दोघींच्या कागदांवर वेगवेगळ्या दिवशी सह्या घेतल्या, इतपत. मी रजा जपून ठेवायचो, पोटदुखीलाही घ्यायचो नाही, सगळ्या रजा सह्यांना. बायकोला तेव्हा दिवस गेलेले. रविवारी आम्ही दोघं स्कूटरवरून कुणातरी वारसाच्या घरी. चहा, बिस्किट, घराच्या आठवणी, मग "पुढच्या रविवारी बघू". पहिल्यांदा चिडायचो. नंतर लक्षात आलं की ही माणसं टाळत नव्हती. प्रत्येकाला आधी ते घर आम्हाला तोंडी द्यायचं होतं. न्हाणीमागे घोरपड येते, मारू नका. विहिरीचं पाणी एप्रिलअखेर खाली जातं, पण आटत नाही. पश्चिमेकडची नळ्यांची ओळ दर मे महिन्यात परतायची, नाहीतर पहिल्याच पावसात देवघरात गळतं. हे कुठल्या एक-चौदावर असतं?

चौदा महिने लागले. मुलगी घराच्या आधी आली. वास्तुशांतीला बारातले सात जण हजर होते, न बोलणाऱ्या बहिणीही, दोन टोकांना.

चावीचं म्हणाल तर, आम्हाला एकच मिळाली, वीतभर लांब, लोखंडी. दुसरी थोरल्या बहिणीकडे आहे, मडगावला. ती मे महिन्यात येते, चावी लावून सरळ आत येते, आंबे काढवते, अर्धे ठेवते, अर्धे नेते. पहिल्या वर्षी बायको आंघोळीला गेलेली आणि बाहेर आली तर स्वयंपाकघरात ही बाई आमसुलांचा डबा शोधतेय. कुलूप बदलायचं आमचं ठरलं होतं. अजून बदललेलं नाही. मुलगी तिला मडगावची आजी म्हणते.

सातवीचा दाखला

एक गोष्ट सांगून ठेवते, ज्यांची मुलं मोठी आहेत त्यांच्यासाठी. गोव्यात २०२५ मध्ये सहावीपासून दहावीपर्यंतचे आणि बारावीचे वर्ग एप्रिलमध्येच सुरू झाले, मग मेची सुट्टी. आम्हाला वाटलं महाराष्ट्रासारखी जूनमध्ये सुरुवात. मुलीचा दाखला घेऊन गेलो तोवर वर्ग एक महिना पुढे. तिला वह्या उतरवून द्यायला जी मुलगी मिळाली ती आता रोज आमच्या घरी. चावी त्या दोघींकडेच असते, आम्हालाच बेल वाजवावी लागते.

सांगलीकराची आई

वर मडगावच्या ज्या गृहस्थांनी "प्रश्न मिटला" लिहिलंय, त्यांची मी आई. टाईप सूनबाई करतेय, तो ऑफिसला गेलाय.

त्याचा मिटला, माझा सुरू झाला. पाचवा मजला. सांगलीला दारात बसलं की गल्ली येऊन बोलून जायची. इथे दुपारी एकला दुकानं बंद होतात ती चारपर्यंत, मुलं झोपलेली, आणि मी खिडकीतून दुसऱ्या बिल्डिंगच्या खिडक्या मोजतेय. आम्ही माळकरी. लिफ्टमध्ये मासळीची पिशवी घेऊन कुणी शिरलं की मी जिना धरायची. आता शिरते लिफ्टमध्ये, पाच मजले चढून गुडघे कुणी देत नाही. ज्वारी दळून आणायला पहिल्यांदा गेले तर गिरणीवाल्याने दोनदा विचारलं, ज्वारीच ना? लोक वाईट नाहीत. मी मराठीत विचारते, ते कोकणीत सांगतात, दोघांनाही कळतं. पण ते विचारपुशीपुरतं. मनातलं बोलायला कोण?

तीन महिन्यांनी मी पिशवी भरली. सांगलीचं तिकीट काढून दे म्हटलं. मुलाला वाटलं सुनेशी वाजलं. तसं काही नव्हतं, उलट तिनेच शोध लावला की जवळच्या देवळात बुधवारी बायकांचं भजन असतं. गेले. पेटीवाल्या बाईंनी विचारलं, अभंग येतात का? मला साठ-सत्तर तोंडपाठ. इकडे गावोगावी देवाच्या उत्सवाला मराठी नाटकं होतात, हेही तिथेच कळलं. गेल्या जत्रेत रात्री अडीचपर्यंत जागून पाहिलं एक. नारदाची दाढी सुटली, त्याने ती हातात धरून पद पुरं केलं. लोकांनी वन्समोअर दिला.

आता बुधवार आणि शनिवार माझे. त्या दिवशी जुळ्यांचं त्यांनी बघायचं, ऑफिस असो नसो. सूनबाईने बुधवारी घरून काम मागून घेतलंय, शनिवारी तो असतो. आणि चावी माझ्या कमरेला नाही, दाराशेजारच्या खुंटीला. ज्याला पाहिजे त्याने घ्यावी.

मडगावचा सांगलीकर

वाचलं. घरी बोलतो.

शेजारी (पर्वरीचाच)

धागाकर्ती बाय, रागावू नका, पण दारामागच्या माणसाचं नाव माहीत नव्हतं तर विचारलं का नाहीत? आमच्या बिल्डिंगमध्ये तीन वर्षांत अकरा भाडेकरू बदलले. नाव पाठ होईतो टेम्पो लागलेला असतो. सुरुवातीला मी दर घरी फणस पाठवायचो. एकाने परत पाठवला, वास येतो म्हणून. मग बंद केलं.

आणि गोवेकर म्हणजे निवांत, "सुशेगाद", या बोलण्याचं जरा आवरा. वर कुणी लिहिलं नाही हे खरं, पण खाली कुणीतरी लिहीलच. सकाळी सहाला आमच्याकडे या. आईला आठवड्यातून दोनदा डायलिसिसला न्यायचं, बायको पणजीला सरकारी नोकरीत, मला दोन फेऱ्यांत मुलं आणि मासळी. घर नवीन नाही, तीस वर्षांचं आहे, तरी रोज नव्याने लावावं लागतं. चावी मागायला लाज वाटते तशी द्यायलाही वाटते. चवथ (गणेशचतुर्थी) येऊ द्या, मग पळोवया, बघू.

धागाकर्ती

हे लिहायला उशीर झाला. चवथ २७ ऑगस्टला होती. आम्हाला रजा नव्हती, गणपती दिरांकडे डोंबिवलीत, आम्ही व्हिडिओवर आरती.

२४ तारखेपासूनच बिल्डिंग रिकामी होऊ लागली. मला हे ठाऊक नव्हतं की इथे बहुतेकांचा गणपती फ्लॅटमध्ये नसतो, मूळ घरी असतो, सगळ्या भावांचा मिळून एक. कुणी सत्तरीला, कुणी केप्याला, कुणी पेडण्याला. माटोळीची, म्हणजे गणपतीवर टांगायच्या फळा-पानांच्या मांडवीची, सुपारी, तवशी (काकड्या), चिबूड असं काय काय गाड्यांच्या टपावर बांधून चाललेले. २५ ला संध्याकाळी बेल वाजली. समोरच्या दाराच्या बाई, हातात चावी. "तुमी हांगाच आसतलीं मगो? तुळशीक मातशें उदक घालशात?" तुम्ही इथेच असणार ना, तुळशीला जरा पाणी घालाल का, असं.

मी हो म्हटलं. अर्ध्या तासात वरच्या मजल्यावरचे आजोबा आले, माशांची टाकी आहे म्हणाले, दाणे चिमूटभरच, मासे मागतील पण द्यायचे नाहीत. रात्री नऊपर्यंत माझ्याकडे सात चाव्या. मुलीने वर्तमानपत्राच्या कोऱ्या कडा कापून त्यावर एकेकाचं नाव लिहून दोऱ्याने बांधली. दोन महिने आम्ही ज्यांना "लाल गाडी" आणि "खोकणारे" म्हणत होतो त्यांची नावं मला अशी कळली. आणि हो, त्या सातांतला एक फणसवाला होता. वरचा प्रतिसाद कुणाचा ते चावी घेताना कळलं. दोघंही जरा गोरेमोरे झालो.

काम कमी झालं म्हणाल तर अजिबात नाही. महिनाअखेरीचा अहवाल, घरात मुलगी सुट्टीवर, आणि दिवसातून दोनदा सात दारं. दुसऱ्या मजल्यावर एक मांजर आहे, ते सोफ्याखालून बाहेरच येईना. मी पोटावर पडून त्याला हाका मारतेय आणि कानात पुण्याचा कॉल. उशीर का झाला असं विचारलं तेव्हा खरं सांगितलं, मांजर. पलीकडे बराच वेळ शांतता.

माणसं परतली ती नेवऱ्या (करंज्या) घेऊन. सात घरच्या सात डब्यांत. डबे रिकामे परत द्यायचे नसतात एवढं डोंबिवलीने शिकवलंय, म्हणून गेले दोन रविवार मी चकल्या तळतेय.

आमची दुसरी चावी मांजरवालीकडे दिली. मांजर अजून मला पाहिलं की सोफ्याखाली जातं.