हॅकिंटॉश मिनी: ब्रॉडकॉम कार्डाचं ब्लूटूथ स्लीपनंतर गायब, मदत हवी आहे

मशीन एचपी एलिटडेस्क ८०० जी४ मिनी, त्यावर मॅकओएस सोनोमा, ओपनकोअर बूटलोडरने (हॅकिंटॉश म्हणजे अ‍ॅपलच्या नसलेल्या पीसीवर चालवलेलं मॅकओएस). मूळचं इंटेलचं वायफाय-ब्लूटूथ कार्ड काढून ब्रॉडकॉमचं बीसीएम९४३६०एनजी बसवलंय. ते एम.२ २२३० आकाराचं, त्यामुळे अ‍ॅडॉप्टर लागत नाही. मॅकबुकमधलं कार्ड अ‍ॅडॉप्टरवर चढवलं तर एवढ्याशा डब्यात जागेची मारामार होते.

सोनोमात या कार्डाचा सपोर्ट नाही. म्हणून सोनोमाची आयओस्कायवॉकफॅमिली ही नेटवर्क केक्स्ट (मॅकओएसचा ड्रायव्हर) ब्लॉक करून जुन्या केक्स्ट टाकल्या, एएमएफआयपास जोडलं, सिक्युअरबूटमॉडेल डिसेबल केलं आणि ओसीएलपीचा (ओपनकोअर लेगसी पॅचर) रूट पॅच, म्हणजे सिस्टम फाइलींमध्ये जुने ड्रायव्हर परत घालणारा पॅच, मारला (दर अपडेटनंतर तो पुन्हा मारावा लागतो). वायफाय ५ गिगाहर्ट्‌झवर ठणठणीत चालतंय.

अडचण ब्लूटूथची. वायफाय पीसीआयईवरून चालतं, पण ब्लूटूथ त्याच स्लॉटच्या यूएसबी पिनांवरून, म्हणून संशय पोर्ट मॅपवरच (मॅकओएसला कोणते यूएसबी पोर्ट दाखवायचे त्याची यादी) जातो. ब्लूटूथचा पोर्ट एचएस१४ मॅपमध्ये आहे, टाइप २५५ (अंतर्गत पोर्ट) दिलाय, एकूण पोर्ट मॅकओएसच्या १५ च्या मर्यादेत. तरी स्लीपमधून उठल्यावर कंट्रोलर दिसत नाही, रीस्टार्ट केला की परत येतो. ब्रॉडकॉमची फर्मवेअर केक्स्ट मुद्दाम टाकलेली नाही, या कार्डाला ती लागत नाही.

हेच कार्ड वापरणाऱ्यांनी कृपया सांगा: स्लीपमध्ये स्लॉटची पॉवर चालू राहावी म्हणून बायोसमध्ये नेमकं काय बदललंत? एसएसडीटी-यूएसबीएक्सने (यूएसबीच्या पॉवरची मूल्यं देणारी एसीपीआय फाइल) फरक पडला का? तुमचा पोर्ट मॅप पाठवलात तर ताडून बघता येईल.