काळा पाषाण की प्युमिस? कुंडीतल्या काळ्या मातीसाठी काय घ्यावं

गच्चीकर_कोल्हापूर:
गच्चीवर 12 इंची 20 कुंड्या आहेत, जास्वंद आणि वांगी. माती शिरोळकडची काळी. पावसाळ्यात नुसता चिखल, उन्हाळ्यात दगड. ज्वालामुखीचा दगड, म्हणजे प्युमिस, मिसळा असं सगळे सांगतात. आपला काळा पाषाणपण ज्वालामुखीचाच की! मग क्रशरवरची बारीक खडी चालेल का? प्युमिस लै महाग पडतोय.

मुळं_आधी:
दोन्ही ज्वालामुखीचेच, पण काळा पाषाण ठासून भरलेला आणि प्युमिस म्हणजे थिजलेला फेस. खडीमुळे हवा मिळते ती फक्त दोन खड्यांमधल्या फटीत, आणि त्या फटी काळी माती बुजवून टाकते. प्युमिसच्या पोटातच भोकं असतात, त्यात पाणीही राहतं आणि हवाही. क्रशरची डस्ट तर घालूच नका, वाळल्यावर कोबा होतो.

माप डब्याने घ्या, वजनाने नको. 10 डब्यांत 3 डबे माती, 3 मुरलेलं शेणखत, 1 भिजवलेलं कोकोपीट, 3 प्युमिस. एखादा डबा प्युमिस टाकून भागवायला जाल तर फरक पडणार नाही, खडे मातीत नुसते बुडून जातात. आकार 3 ते 6 मिमी. 2 मिमीखालचा चुरा चाळून काढा, तो पाण्याबरोबर खाली जाऊन कुंडीची भोकं बुजवतो. खडे धुऊन रात्रभर भिजत ठेवा. सुके घातले तर पहिल्याच जोराच्या पाण्याला तरंगून वर येतात.

काळीकसदार:
कुंडीला पाणी घातल्याबरोबर खालून आलं म्हणजे निचरा झाला असं समजू नका. काळी माती वाळली की आकसते, कडेला बोटभर फट पडते, पाणी तिथूनच निघून जातं आणि मधला गोळा कोरडाच राहतो. खुरपं खुपसून बघा.

आणि तळाला खडीचा थर देऊ नका. बारीक मातीतलं पाणी जाड खडीत सहजी उतरत नाही, थराच्या वरच अडून बसतं. म्हणजे चिखल आणखी मुळांजवळ आला. भोकावर जाळीचा तुकडा पुरे.

गच्चीचा भारही बघा भावा. 10 लिटरची बादलीभर खडी 15 किलोच्या आसपास भरते, सुका प्युमिस 5-6 किलो.

गच्चीकर_कोल्हापूर:
पाषाणातसुद्धा भोकाभोकांचे तुकडे दिसतात. ते फोडून घेतले तर? की जांभा बरा?

मुळं_आधी:
त्यातली बरीच भोकं पांढऱ्या खनिजाने भरलेली असतात. लिंबू पिळून बघा, फसफसलं तर चुना आहे. काळी माती मुळात अल्कधर्मी, त्यात आणखी चुना म्हणजे जास्वंदीची पानं पिवळी. भोकं रिकामी असतील तर खुशाल वापरा, पण हातोडीने 20 कुंड्यांपुरतं फोडून बघा, प्युमिस स्वस्त वाटायला लागेल.

जांभा सच्छिद्र खरा, पण त्यातलं लोह स्फुरद (फॉस्फरस) धरून ठेवतं आणि मऊ तुकड्यांचा हळूहळू चुरा होतो. त्यापेक्षा पक्क्या भाजलेल्या विटेचे 5 मिमीचे तुकडे घ्या. कच्ची वीट पाण्यात दोन दिवस ठेवली की विरघळायला लागते, ती नको.

काळीकसदार:
प्युमिसच्या त्या 3 डब्यांत निम्मा प्युमिस, निम्मी वीट केलं तरी वांग्याला भागतं. जास्वंदीला मात्र तिन्ही डबे प्युमिसच द्या, ती त्याच कुंडीत वर्षानुवर्षं राहणार. आणि हे सगळं वळिवाआधी उरका, ओली काळी माती मिसळायला गेलात तर गोळेच होतील.